सातेरीच्या पोळ्यात चाळणीसारखी रिकामी घरं, रोग दिसत नाही, राणी मारू का?

कांदाबीज_खटाव

नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यात कांदा बीजोत्पादन करतो. गोंड्यांवर माश्या हव्यात म्हणून चार वर्षांपूर्वी महाबळेश्वरकडून सातेरीच्या (ढोलीत राहणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या) दोन पेट्या आणल्या. आमच्याकडे ढोली असलेली जुनी झाडं जवळपास नाहीत, त्यामुळे रानातली सातेरी दिसतच नाही. आग्या तेवढी पाण्याच्या टाकीला लटकलेली असते.

दोनपैकी एक पेटी दुसऱ्याच उन्हाळ्यात उठून गेली. राहिली ती एक नंबर. माशी शांत, मध भरपूर, वाकडं काही नाही. तिच्यापासून विभागणी करत करत आज ११ पेट्या झाल्यात. नवी राणी करायची तर दरवेळी एक नंबरचीच अंडी दिली, कारण वंश चांगला. आणखी एक सांगतो, बाकीच्या पेट्यांत नरांची झाकलेली घरं दिसली की मी ती कापून टाकतो. नर फुकट मध खातात असं मला शिकवलं होतं. एक नंबरचे नर मात्र राखले, त्यांच्यामुळे जात सुधारेल म्हणून.

आता अडचण. गेल्या हंगामापासून नव्या पेट्यांची पोळी बघवत नाहीत. झाकलेल्या घरांच्या मधे मधे रिकामी घरं, सगळीकडे सारखी पसरलेली, चाळणीसारखी. सहा नंबरला सर्वात वाईट. एका चौकटीत झाकलेलं घर, शेजारी ताजं अंडं, त्याच्या शेजारी चार दिवसांची अळी, परत रिकामं, असा सगळा काला आहे. मेलेली अळी नाही, वास नाही, मेणकिड्याची जाळी नाही. माश्या वाढत नाहीत. राणी गेल्याच वर्षीची, चांगली लांब, अंडी भरपूर घालते.

मला दोन जणांनी सांगितलं की राणी बाद आहे, चिमटून टाक आणि एक नंबरच्या अंड्यावर नवी करून घे. करू का? हात होत नाही म्हणून विचारतोय.

घाटमाथा_मधपाळ

दादा, आधी थाई सॅकब्रूड आहे का ते नक्की करा. १९९१-९२ ला दक्षिणेत याच रोगानं सातेरीच्या पेट्याच्या पेट्या संपल्या. त्यात अळी कोष व्हायच्या आधी मरते, घरात उभीच राहते, डोकं वर आणि टोकदार. चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी बाहेर येते. असं एक जरी दिसलं तरी त्या पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत घालू नका.

कांदाबीज_खटाव

तीन पेट्या भिंग घेऊन बघितल्या. पिशवी नाही, मेलेली अळी एकही नाही. रिकामी घरं आतून चाटूनपुसून साफ केल्यासारखी आहेत.

निवृत्त_प्राणिशास्त्र_वाई

राणी मारू नका. निदान हे वाचेपर्यंत तरी नको.

मी कॉलेजात ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर वाईला घरामागे सहा पेट्या ठेवल्यात. तुम्ही जे लिहिलंय ते मी स्वतः केलेलं आहे. २०११ साली अशाच चाळणीसाठी मी एका हंगामात दोन राण्या मारल्या आणि त्याच घरातल्या मुलीला राणी केलं. पोळं होतं तसंच राहिलं. त्या दोन राण्यांचा दोष नव्हता हे मला फार उशिरा उमगलं. वर्गात फळ्यावर जे लिहीत होते तेच माझ्या पेटीत चाललं होतं आणि मला ओळखता आलं नाही, याचं वाईट आजही वाटतं.

तुम्ही ज्या साफ घरांबद्दल लिहिलंत, त्यांत अंडं होतं. ते उबलंही. त्यातून जी अळी निघाली ती नर होती, पण नर व्हायला नको अशा अंड्यातून निघालेली. कामकऱ्यांनी ती पहिल्या दिवसातच खाऊन टाकली.

आता हे नीट सांगते. माश्यांत नराला बाप नसतो. राणी जे अंडं फलित करते त्याची मादी होते, जे तसंच सोडते त्याचा नर. हे सिलेसियातल्या यान झेरझोन नावाच्या पाद्र्यानं १८४५ साली मांडलं, तेव्हा लोकांना पटेना. पुढे त्यानं पिवळ्या इटालियन माश्या आणल्या. पिवळी राणी काळ्या नरांशी जुळली की मुली मिसळ रंगाच्या व्हायच्या, मुलगे मात्र पिवळेच. म्हणजे मुलग्यांत बापाचं काही उतरतच नव्हतं. मेलिफेराच्या, म्हणजे युरोपी मधमाशीच्या, मादीत ३२ गुणसूत्रं असतात, नरात १६.

इथपर्यंत पुस्तकात असतं, आणि बरेच जण इथेच थांबतात. मीही पुष्कळ वर्षं वर्गात इथेच थांबायची. पण ‘दोन संच म्हणजे मादी, एक संच म्हणजे नर’ हे खरं कारण नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत व्हाइटिंग यांनी ब्रॅकॉन या बारीक परोपजीवी माशीवर काम केलं. (याच घराण्यातल्या माश्या कोकणात माडावरच्या काळ्या डोक्याच्या अळीवर सोडतात.) जवळच्या नात्यात मीलन करवलं की त्यांना दोन संच असलेले नर मिळायचे. म्हणजे संचांची संख्या महत्त्वाची नव्हती. गुणसूत्रावरच्या एका जागी दोन वेगळी रूपं आली तर मादी होत होती. दोन सारखी आली, किंवा एकच आलं, तर नर.

मधमाशीत ती जागा कोणती हे २००३ साली मार्टिन बेये आणि सहकाऱ्यांनी शोधलं. सीएसडी नावाचं जनुक. मादी होऊ घातलेल्या अंड्यात त्यांनी ते बंद पाडलं, तर आत वृषणं तयार झाली. या जनुकाची रूपं थोडीथोडकी नाहीत, मेलिफेरात जगभर मिळून शंभरावर असावीत असा २०१४ सालचा अंदाज आहे. आपली सातेरी आणि आग्या यांच्यातही हेच जनुक काम करतं.

दोन संचांचे हे नर दुबळे असतात म्हणून मरतात असं आधी वाटायचं. पोलंडच्या येझी व्हॉयके यांनी १९६३ च्या सुमाराला ती अंडी पेटीबाहेर उबवली आणि अळ्या स्वतः खाऊ घालून वाढवल्या. नर चांगले मोठे झाले! पेटीत ठेवले की काही तासांत कामकऱ्या त्यांना वेचून खातात, अळीच्या अंगावरच्या वासावरून. नंतर व्हॉयके यांनी भारतीय सातेरीवरही हे तपासलं. मला त्या कामकऱ्यांचं शहाणपण वाटतं ते हे, की वांझोट्या अळीवर खाणं घालवण्याआधीच त्या घर मोकळं करतात आणि राणी तिथे पुन्हा अंडं घालते. तुमच्या चौकटीत अंडं, अळी आणि झाकण शेजारी शेजारी दिसतात ते त्यामुळेच.

आता तुमच्या शेताचा हिशोब. एक नंबरच्या राणीकडे दोन रूपं, समजा लाल आणि निळं. तिचे मुलगे बिनबापाचे, म्हणून निम्मे लाल, निम्मे निळे. तिची मुलगी, तुमची नवी राणी, आईकडून एक रूप घेते, समजा लाल, आणि बापाकडून तिसरं, समजा पिवळं. ती उडाली तेव्हा हवेत नर कोणते होते? बाकीचे तुम्ही कापून टाकले होते. म्हणजे सगळे तिचे भाऊ. त्यांतले निम्मे लाल. लाल नराच्या बीजानं फलित झालेल्या अंड्यांत निम्मी लाल-लाल, म्हणजे खाल्ली जाणारी. निम्म्याचं निम्मं, पाव. झाकलेल्या शंभर घरांच्या पट्ट्यात पंचवीसच्या आसपास रिकामी निघाली तर माझा अंदाज बरोबर समजा.

आणि कितीही नर जुळले तरी रिकामी घरं निम्म्याच्या पुढे जायला नकोत. गेली, तर कारण दुसरं आहे आणि वरच्या दादांचं ऐकून पुन्हा रोग शोधा.

खात्री करायची तर दुकानात वह्यांना घालायला मिळतो तसा पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्या. चौकटीवर ठेवून ज्या घरांत आज अंडं आहे त्यांवर मार्करनं ठिपके द्या, कागदाचे दोन कोपरे चौकटीवर खूण करून ठेवा. अंडं तीन दिवसांनी उबतं. पाचव्या दिवशी तोच कागद लावा आणि बघा किती ठिपक्यांखाली अळी आहे. राणी म्हातारी किंवा बाद असती तर आजच अंडी विरळ दिसली असती. अंडी भरगच्च आणि पाचव्या दिवशी घरं मोकळी, असं झालं तर तो नात्याचा प्रश्न आहे. मोजायला दहा घरं लांब आणि दहा घरं रुंद असा तिरका चौकोन पुठ्ठ्यात कापून घ्या, बरोबर शंभर घरं मावतात.

कांदाबीज_खटाव

बाई, तुम्ही इतकं लिहिलंत, दोनदा वाचलं. कागद आज लावतो.

दोन गोष्टी अडल्या. एक, आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की राजान्न (रॉयल जेली) खाल्लं की राणी होते. मग खाण्यावरून ठरतं की जनुकावरून? आणि दुसरं, मुलगी बारावी सायन्सला आहे, ती म्हणते मुलगा-मुलगी एक्स-वाय वर ठरतं. माश्यांना एक्स-वाय नाही का?

निवृत्त_प्राणिशास्त्र_वाई

राजान्नावरून राणी की कामकरी एवढंच ठरतं. दोघीही मादीच. नराला कितीही राजान्न द्या, राणी होणार नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. तिला सांगा की एक्स-वायची गोष्ट माणसात सापडली नाही, किड्यात सापडली. १८९१ साली हेंकिंगना एका ढेकणाच्या जातीच्या वीर्यपेशींत एक वेगळं वागणारं गुणसूत्र दिसलं, काय म्हणावं कळेना म्हणून त्यांनी त्याला ‘एक्स’ म्हटलं. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठात पडणाऱ्या अळीच्या भुंगेऱ्याची गुणसूत्रं मोजली. मादीत वीस मोठी. नरात एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. ते लहान म्हणजे वाय. वयाच्या चाळिशीत संशोधन शिकलेल्या या बाई १९१२ साली गेल्या. त्यांचं नाव मी प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहायचे, अभ्यासक्रमात नव्हतं तरीही.

पण किड्यांचं राज्य फार मोठं आहे आणि सगळे एका कायद्यानं चालत नाहीत. फळमाशीत वाय असतं, तरी नर-मादी त्यावर ठरत नाही, एक्स किती आहेत ते पेशी मोजते. टोळात नराला वायच नाही, फक्त एक एक्स. मुंबईत टाक्यांमध्ये वाढणारा मलेरियाचा डास, ॲनाफिलीस स्टीफन्साय, त्याच्यात मात्र वायवरचं एक छोटं जनुक नर ठरवतं. डेंग्यूच्या एडिसमध्ये त्याच कामाला निराळंच जनुक आहे, निक्स, २०१५ साली सापडलं. घरमाशीची गत तर अशी की नर ठरवणारा घटक काही ठिकाणच्या माश्यांत वायवर, काही ठिकाणी दुसऱ्याच गुणसूत्रावर, आणि काही ठिकाणी नर-मादी दोघांतही तो असतो, तिथे मादी ठरवायला मादीकडे त्याहून वरचढ जनुक असतं. एकाच जातीत! डाळिंबावरचा पिठ्या ढेकूण आहे ना, त्याच्या नराला बाप असतो, पण बापाकडून आलेली गुणसूत्रं गर्भातच गोळा होऊन गप्प पडतात आणि तो नर ती पुढच्या पिढीला देतच नाही.

हे वाचून गोंधळ वाटेल. मलाही वाटायचा. तो कमी झाला तो एका गोष्टीनं. यांतल्या बहुतेकांत सर्वात शेवटी जे जनुक काम करतं ते एकच आहे, डबलसेक्स. त्याचा कच्चा मजकूर नरात एका तऱ्हेनं कापून जोडला जातो, मादीत दुसऱ्या तऱ्हेनं, आणि त्या दोन वाचनांवरून शरीर नराचं किंवा मादीचं घडतं. फळमाशीत तेच, मधमाशीत तेच, डासात तेच, रेशीमकिड्यात तेच. तुमच्याकडे पाटाचं पाणी येतं तसं समजा. शेवटचं वाफ्यात जाणारं दार पिढ्यान्‌पिढ्या तेच. वर धरणाकडचं दार मात्र प्रत्येक घराण्यात निराळं, आणि पुन्हा पुन्हा बदललेलं. ॲडम विल्किन्स यांनी १९९५ साली असं सुचवलं की ही साखळी खालून वर वाढत गेली. शेवटचं दार आधी, मग त्याला हुकूम देणारं, मग त्याच्याही वरचं. मला हे पटतं, कारण खालचं दार बदललं तर सगळं शेत बुडतं. वरचं बदललं आणि पाणी पोचतंय तोवर चालून जातं.

मधमाशीत ते दार कसं बसलं तेही ठाऊक आहे. फेमिनायझर नावाचं जनुक आधीपासून होतं, डबलसेक्सला मादीचं वाचन करायला लावणारं. मधमाशीच्या घराण्यात त्याची एक जादा प्रत तयार झाली आणि ती प्रतच पुढे सीएसडी झाली. हे २००८ साली हासेलमान, बेये वगैरेंनी दाखवलं. दोन वेगळ्या रूपांची प्रथिनं भेटली की फेमिनायझर मादीच्या बाजूनं वाचला जातो. सारखी भेटली तर नाही.

रूपं इतकी का, याचं उत्तर तुमच्या पेटीतच आहे. एखादं नवं रूप जन्मलं की ते सुरुवातीला दुर्मिळ असतं, स्वतःसारख्याला भेटतच नाही, म्हणून त्याचं एकही पिल्लू खाल्लं जात नाही. म्हणून ते वाढतं. फार वाढलं की स्वतःसारखे भेटायला लागतात आणि मार बसतो. अशानं कोणतंच रूप माजत नाही आणि कोणतंही सहज संपत नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या बंदरात एका नौकेच्या डोलकाठीत सातेरीच्या जातीची माशी सापडली. मूळची आशियातली. पुढे ती पसरली तेव्हा तपासलं, तर सगळ्यांत मिळून फक्त सात रूपं. सुरुवातीला काही फार, काही थोडी. पिल्लं जात होती तरी माशी टिकली, आणि वर्षागणिक सातांचं प्रमाण सारखं होत गेलं. सात रूपं समान झाली तर सरासरी सातांतलं एक पिल्लू जातं. तेवढं तिला झेपलं.

तुमच्या शेतात सुरुवात एका पेटीनं झाली, आणि दरवर्षी तुम्ही मेहनत घेऊन ती एकाच राणीवर आणलीत. ते चांगल्या हेतूनं केलंत. गाईत, शेळीत चांगला वंश असाच राखतात, माशीत ते उलटतं.

ऊस_कराड

विषयाला सोडून असेल तर माफ करा. बाई, आम्ही खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यात वाढणाऱ्या बारीक ट्रायकोग्रामा माशीचं कार्ड) लावतो. त्यातली माशी पण मधमाशीच्या घराण्यातली म्हणतात. ती मंडळी एका छोट्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात, भाऊ-बहीणच असणार. मग त्यांचे नर का नाही खाल्ले जात? आणि काही ट्रायकोत नर निघतच नाहीत असं ऐकलं, ते खरं का?

निवृत्त_प्राणिशास्त्र_वाई

विषयाला सोडून मुळीच नाही, अगदी गाभ्यातला प्रश्न आहे.

ट्रायकोग्रामातही बिनफलित अंड्याचा नर आणि फलितची मादी. पण तिथे मधमाशीचं ‘दोन वेगळी रूपं’ हे कुलूप नाही. असतं तर तुम्ही म्हणता तसंच झालं असतं. ज्या बारीक माश्या एका अंड्यावर किंवा एका कोषावर एकत्र जन्मतात आणि तिथेच भावंडांत जुळतात, त्यांना ते कुलूप परवडणारं नव्हतं. याच ढंगाची नासोनिया म्हणून एक माशी घरमाशीच्या जातींच्या कोषांवर वाढते. तिच्या नराचे पंख इतके तोकडे की तो उडतच नाही, कोषाच्या तोंडाशी बहिणींची वाट बघतो. तिच्यात आई अंड्यातली स्वतःची प्रत बंद करून ठेवते आणि बापाकडून आलेली प्रत तेवढी चालू असते. बापाची प्रत आली तर मादी, नाही आली तर नर. नातं किती जवळचं याला तिथे महत्त्वच राहत नाही.

नर न निघणाऱ्या ट्रायकोबद्दल ऐकलंत ते खरं आहे, सगळ्यांत नाही, काही जातींच्या काही वंशांत. त्यामागे वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो, अंड्यातूनच आईकडून मुलीला जाणारा. नराच्या बीजातून त्याला पुढे जाता येत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीनं नर म्हणजे वाट बंद. तो बिनफलित अंड्यातला एकच संच दुप्पट करून टाकतो आणि मादी होते. १९९० साली स्टाउथामर आणि सहकाऱ्यांनी अशा माश्यांना प्रतिजैविक दिलं, जिवाणू गेला आणि नर पुन्हा निघायला लागले. जास्त उष्णतेनंही तेच झालं.

आता बघा, एकच संच दुप्पट केला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. मधमाशीत सारख्या म्हणजे नर. म्हणजे वोल्बाकियाची ही युक्ती सातेरीत चाललीच नसती. ज्या घराण्यात ते कुलूप नाही तिथेच ती चालते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि कुणाला तरी सांगावंसं वाटून माहेरी फोन केला होता.

रेशीम_जालना

आमच्याकडे उलटं आहे. रेशीमकिड्यात मादीला झेड आणि डब्ल्यू, नराला दोन झेड. डब्ल्यू असलं की मादी, हे जपानात १९३० च्या दशकातच ठरलं होतं. पण डब्ल्यूवर जनुक शोधता शोधता ऐंशी वर्षं गेली आणि २०१४ साली सापडलं ते एक इवलंसं आरएनए, ज्याचं प्रथिन बनतच नाही. ते झेडवरच्या नर घडवणाऱ्या जनुकाला गप्प करतं, बस्स. आम्हाला यात रस असण्याचं कारण म्हणजे नराच्या कोषात रेशीम जास्त भरतं. सोव्हिएत काळात ताश्कंदला स्ट्रुनिकोव्ह यांनी फक्त नरच उबतील असे वंश तयार केले होते. आमच्या तुतीच्या शेडमध्ये अजून तरी नर-मादी सोबतच वाढतात.

कांदाबीज_खटाव

मंडळी, मोजणी झाली. मुलीनं सगळं वहीत लिहिलंय, तेच उतरवतो.

पुठ्ठ्याचा चौकोन सहा नंबरवर दोन चौकटींना लावला. शंभरात रिकामी एकीकडे २६, दुसरीकडे २३. नऊ नंबरला २१. एक नंबरच्या जुन्या राणीकडे ६. बाई, तुम्ही पंचवीस म्हणाला होतात. मुलीनं २६ वाचलं तेव्हा मला खरंच काही बोलवेना.

कागदाचं असं झालं. सहा नंबरला ६० अंड्यांवर ठिपके दिले. पाचव्या दिवशी ४६ घरांत अळी, १४ मोकळी. मोकळ्यातल्या तीन घरांत तर नवीन अंडंसुद्धा होतं. एक नंबरला ६० पैकी ५७ अळ्या.

म्हणजे राणी चांगलीच आहे. ज्या पेटीला मी सर्वात जास्त जपलं तिच्याच नरांमुळे हे झालं. आता काय करू ते सांगा. अकरा पेट्या आहेत आणि गोंडे फुलायला फार दिवस नाहीत.

निवृत्त_प्राणिशास्त्र_वाई

वहीबद्दल मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा, मनापासून. ही मोजणी कॉलेजच्या प्रयोगवहीत शोभेल. १४ भागिले ६० करायला सांगा, तेही पावाच्या जवळच येतं.

यंदा राणी कुठलीच मारू नका. सहा नंबरची राणी मेहनती आहे, पावभर पिल्लं जाऊनही ती पेटी चालवतेय. गोंड्यांच्या दिवसांत तिला दुसऱ्या भरलेल्या पेटीतली झाकलेली एक चौकट द्या, रोग नाही हे बघितलंच आहे, आणि पाक कमी पडू देऊ नका. नरांची घरं कापणं मात्र आजपासून बंद. सगळ्या अकरा पेट्यांत नर राहू द्यात. तुमच्या राण्यांचे बाप निरनिराळे होते, त्या बापांची रूपं त्यांच्या मुलग्यांतून तरी हवेत येऊ द्या. झाकणाला मधोमध बारीक छिद्र असलेलं उंच घर दिसलं की ते सातेरीच्या नराचं, त्याला हात लावायचा नाही.

पण एवढ्यानं भागणार नाही. बाहेरचं रक्त हवंच. दुसऱ्या खोऱ्यातल्या, शक्यतो दोन वेगळ्या मधपाळांकडून दोन-तीन पेट्या आणा. तुम्ही आधी जिथून आणल्यात त्याच घरून नको. किंवा मला जास्त आवडणारा मार्ग सांगते. विभागणी केल्यावर राणीकोष उमलायच्या आधी त्या लहान पेट्या डोंगरात न्या, जिथे ढोलीतली सातेरी भरपूर आहे. कुमारी राणी तिथे उडेल, पाच-पंचवीस अनोळखी नर तिला तिथे भेटतील. अंडी दिसली की पेटी परत आणा. एकेक राणी म्हणजे दहा-पंधरा निरनिराळ्या बापांचं बीज घेऊन आली समजा, आणि पुढच्या वर्षीचे तुमचे नर तिथूनच येतील. मेलिफेराच्या पेट्या जवळ ठेवून हे साधणार नाही, त्या जातीशी सातेरीचा संकर होत नाही.

वाईहून वर पसरणीच्या घाटाकडे माझ्या ओळखीत एका घराची मोकळी गच्ची आहे, मागे जांभळीचं रान. राणीकोष झाकला गेला की इथे निरोप टाका, मी त्यांना विचारून ठेवते. पेट्या रात्री हलवा, दाराला जाळी लावून, आणि चौकटी सुतळीनं आवळून. घाटात गाडी हलते, कोवळा राणीकोष दणक्यानं जातो.

कांदाबीज_खटाव

बाई, दोन आणि सात नंबरची विभागणी उद्या करतो, म्हणजे कोष झाकायला आठवडा मिळेल. यावेळी अंडी एक नंबरची नाही, प्रत्येकाला आपापल्या पेटीची देतोय. मुलगी म्हणते ती पण गाडीत बसणार, राणी परत आल्यावर साठ ठिपक्यांचा कागद तिला पुन्हा लावायचाय.